मुंगी आली, मुंगी गेली

४ मार्च

प्रिय आई,

पोचले, जेवले, झोप झाली. तुझे तीन प्रश्न संपले, आता माझं ऐक.

काल इथल्या सरकारी कचेरीत गेले होते. बाहेरच्या देशात शिकून आलेल्या डॉक्टरांसाठी तिथे वेगळी खिडकी आहे. खिडकीतल्या बाईंनी काय करावं? देशाचा नकाशा माझ्यापुढे पसरला आणि म्हणाल्या, ठेवा बोट. मला तुझा वर्गच आठवला. फक्त चुकलं तर बाकावर उभं करणारं इथे कुणी नव्हतं.

नियम असा आहे की परीक्षा तिकडूनच पास होऊन आलीस, छान, पण फॅमिली डॉक्टर म्हणून पहिली पाच वर्षं डॉक्टर कमी असतील अशाच भागात काढायची. भाग आपण निवडायचा. आधी थोडे महिने राहून बघायचं, पटलं तर मे संपता संपता सही. सही केली की हलायचं नाही.

भाग चार आहेत. राजधानीच्या कडेची नवी वस्ती, तिथे उंच इमारती आणि दवाखान्यासमोर ही रांग. दुसरा समुद्रकाठचा, तिथे सगळे निवृत्त लोक, म्हणजे गुडघे, साखर आणि ब्लडप्रेशर. तिसरा खाणींचा, तिथे खोकला. चौथा पार वरचा, तळ्यांचा. तिथला डॉक्टर निवृत्त झाल्यापासून दवाखाना डॉक्टरवाचून पडलाय. बाई म्हणाल्या, या भागावर कुणी बोटच ठेवत नाही.

तू आयुष्यभर भूगोल शिकवलास, तूच सांग. बाबांना विचारून उपयोग नाही. ते म्हणतील, तुला बरं वाटेल ते.

तुझी,
ठकू


१५ मार्च

ठकू,

पत्र मिळालं. वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. विचारतेस कशाला? राजधानी. विषय संपला.

तरी अ‍ॅटलास काढला, कारण मला राहवत नाही. तुझ्या त्या तळ्यांच्या भागात छापायला गावांची नावंसुद्धा मिळाली नाहीत छापणाऱ्याला. नुसते निळे ठिपके, शाई सांडल्यासारखे. तिथे तू आजारी पडलीस तर तुला कोण तपासणार? आरशात बघून स्वतःच जीभ काढणार आहेस का?

तुझे बाबा खरंच म्हणाले, तिला बरं वाटेल ते. मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

हे बघ, मी तुला त्या देशात जाऊ दिलं तेच काळजावर दगड ठेवून. माझा दादा याच देशात गेला होता. तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच डॉक्टर, तू दिलीस तशीच तिथली परीक्षा द्यायला. आणि एक दिवस खालच्या शिंप्याच्या दुकानात आप्पांना फोन आला. ते वर आले, म्हणाले, "दादा गेला," आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कशानं, कसा, काही नाही. आम्हाला शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून आपल्या घरात महत्त्वाचं काही फोनवर सांगायचं नाही आणि ऐकायचं नाही, हे तुला पाठ आहेच. लोक हसतात. हसोत. कागदावरची बातमी निदान दोनदा वाचता येते.

तेव्हा मोठं शहर, शेजारी माणसं, हाकेच्या अंतरावर मोठं हॉस्पिटल. ही माझी अट होती आणि तू मान डोलावली होतीस. आता नकाशावर बोटं नाचवू नकोस.

आई


२९ मार्च

प्रिय आई,

आधी बस. मग वाच.

तुझं पत्र पोचलं तेव्हा मी तळ्यांच्या भागात होते. म्हणजे आहे. बाई म्हणाल्या, कुणी बोट ठेवत नाही, आणि माझं बोट आपोआप तिथेच गेलं. शेवटी मुलगी कुणाची? सही अजून केलेली नाही, नुसतं राहून बघतेय. लगेच डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. खुर्च्या शाळेतून आणलेल्या, बुटक्या. त्यांवर लाकूड गिरणीतले धिप्पाड लोक गुडघे छातीशी घेऊन बसतात. वजनकाटा माणसाला दोन किलो कमी दाखवतो, त्यामुळे तो गावाचा लाडका. काउंटरवर एक बाई असतात, त्या नंबर देतात, फोन घेतात, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतात आणि सगळ्यांना दटावतात. मी त्यांना मनातल्या मनात मुख्याध्यापिका म्हणते. तुमचं जमेल.

आता गंमत ऐक. आधीच्या डॉक्टरांना गावात सगळे डॉक्टर मुंगी म्हणतात. मला वाटलं, असेल इथलं काहीतरी आडनाव. जुन्या कागदांवर त्यांची सही आहे, पण ती डॉक्टरची सही. त्यातून नाव काढायचं म्हणजे शेवया सरळ करण्यासारखं आहे.

काल बसची ड्रायव्हर आली. दांडगी बाई, हाताला गंजका पत्रा लागलेला. इंजेक्शन भरलं तशी तिनं बाही वर केली, डोळे घट्ट मिटले आणि मला विचारलं, "मुंगी?" मी म्हटलं, काय? मुख्याध्यापिका दारातून म्हणाल्या, अहो, सुई. आमच्याकडे सुईला मुंगीच म्हणतात, जुन्या डॉक्टरांनी लावलेली सवय. मी थक्क. मुंगी! सुई टोचली, बाहेर काढली, तर ही बया डोळे उघडून काय पुटपुटावी? "कुनी पाइली."

आई, हे आपलं आहे ना? मला लस टोचताना तू म्हणायचीस ते. मुंगी आली, मुंगी चावली, मुंगी गेली, कुणी पाहिली? मी हसतच सुटले. बाईला वाटलं डॉक्टरीण बिघडली. कधीकाळी आपल्या भाषेची एखादी नर्स इथे असणार आणि तिच्याकडून डॉक्टरांनी उचललं असणार. जग किती छोटं बघ. हे तू कुठून शिकली होतीस?

ठकू


१० एप्रिल

ठकू,

ते कुणीही कुठूनही शिकत नाही. ते कुठलं गाणं नाही, बडबडगीत नाही. ते माझ्या दादानं रचलं. मी लहान होते, ताप उतरत नव्हता, रोज सुई असायची आणि मी पलंगाखाली लपायचे. तो मला ओढून काढायचा, आधी दंडाला बारीक चिमटा काढायचा आणि हे म्हणायचा. चिंगीसाठी मुंगी. ते आमच्या दोघांतच होतं. पुढे मी तुझ्यासाठी म्हटलं, बस. तिसरं माणूस नाही.

मला काही सुचत नाही. तुझे बाबा म्हणतात, त्यांच्या खोलीवर कुणी मित्र असेल, त्यानं ऐकलं असेल. असेल.

तू त्या डॉक्टरचं खरं नाव विचार. लगेच विचार. आणि फोन करू नकोस. लिही.

आई


२१ एप्रिल

प्रिय आई,

हे मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. सरळच लिहिते.

तुझं पत्र वाचून मी व्हरांड्यात गेले आणि मुख्याध्यापिकांना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. उच्चार वेडावाकडा होता, पण ते तुझं माहेरचं आडनाव होतं. मी त्यांना परत विचारलं, परत तेच. मी म्हटलं, कुठे पुरलंय त्यांना? त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या! म्हणाल्या, पुरताय कशाला, खुब्याचं हाड मोडलंय त्यांचं. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात चालायला शिकतायत आणि तिथल्या सगळ्या नर्सना छळतायत.

आई, मामा जिवंत आहे.

आता थोडं थांब. पाणी पी. मग पुढचं वाच.

मी रविवारी गेले. लांब कॉरिडॉर होता, एका बाजूला दांडा लावलेला. तो दांडा धरून एक म्हातारा माणूस चालत होता आणि सोबतच्या मुलीला सांगत होता की तू मला घाई करतेस, हाड तुझं नाही, माझं आहे. त्याच्या मागे उभी राहून मी म्हटलं, "मुंगी आली." तो थांबला. वळला नाही. मी पुढचं म्हटलं, मुंगी चावली. तेव्हा त्यानं तिकडेच तोंड ठेवून आपल्या भाषेत विचारलं, "कुणी शिकवलं तुला हे?"

"आईनं."

"आई कोण?"

"चिंगी," मी म्हटलं.

त्या मुलीनं खुर्ची सरकवली म्हणून बरं, नाहीतर दुसरा खुबाही गेला असता. खूप वेळ तो माझ्या कपाळाकडे बघत होता. कपाळ तुझं आहे ना माझं. मग त्यानं पहिलं काय विचारलं माहितेय? आप्पांचा राग गेला का, हे. मी म्हटलं, मामा, आप्पा गेले. तो म्हणाला, "कुठे?"

आई, त्यानं खरंच विचारलं, कुठे. मग त्याचं त्यालाच कळलं.

त्याची गोष्ट अशी. तो परीक्षेत नापास झाला, दुसऱ्यांदा. निघताना आप्पा म्हणाले होते, नापास होऊन आलास तर या घराचं दार बंद. घरी कळवायचं तोंड नव्हतं. वर तळ्यांकडे लाकूड गिरणीत जखमा बांधणारा माणूस हवा होता, तिथे तो निघून गेला. खोलीतल्या मित्राला सांगून गेला की घरी फोन कर आणि मी गेलो म्हणून सांग. मित्रानं नंतर त्याला कळवलं, निरोप दिला, वडील नुसते 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. मामानं त्या 'बरं'चा अर्थ लावला की दार बंद झालं. पुढे तो पास झाला, इथलाच डॉक्टर झाला. दोन पत्रं टाकली. दोन्ही परत आली. त्याला वाटलं, आप्पांनीच परत पाठवली.

मी त्याला सांगितलं, आम्ही तुला मेलेला समजत होतो. चाळीस वर्षं. आधी तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

तू लिही काहीतरी. काहीही लिही.

ठकू


३ मे

ठकू,

पत्र अर्ध्यावर मी तुझ्या बाबांच्या हातात दिलं, पुढचं त्यांनी मोठ्यानं वाचलं. संध्याकाळ झाली तरी घरात दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही.

आता माझी बाजू ऐक, म्हणजे तुझ्या डोक्यात उजेड पडेल. फोनवरून वर आल्यावर आप्पा म्हणाले होते, दादा गेला, सामान मित्राकडे आहे. आणि खूप वेळानं म्हणाले, मनाला फार लावून घेतलं होतं म्हणे त्यानं, पण शेवटी शांत होता. ठकू, त्या मित्रानं काय सांगितलं असेल ते आज मला कळतंय. नापास झाल्याचं मनाला लावून घेतलं, पण निघताना शांत होता. एवढंच. तो बिचारा बॅगेबद्दल बोलत होता आणि आप्पा प्रेताबद्दल ऐकत होते. आप्पांनी त्या खोलीच्या पत्त्यावर पत्र पाठवलं, तेही परत आलं, मित्रही जागा सोडून गेलेला. मग आप्पांना ते घर बघवेना, आम्ही दुसऱ्या गावात गेलो. त्याची पत्रं रिकाम्या दारावर आपटून परत गेली.

एका शब्दावर आप्पा खचले. त्याच भिंतीकडे बघत बघत ते गेले. हो, खरेच गेले.

मी काय करू, सांग. आनंद व्हायला हवा ना? मला राग येतोय. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. मी त्याच्यासाठी रडून रडून डोळे घालवले, माझ्या लग्नात त्याची खुर्ची रिकामी ठेवली, आणि हा तिथे गावभर माझी मुंगी वाटत बसला होता! दोन पत्रं परत आली म्हणून गप्प बसला? एकदा यायचं होतं. दार बंद तर बंद, बाहेरून बडवायचं होतं. आप्पांनी नसतं उघडलं तर मी उघडलं असतं. नापास झालेला भाऊ मला चालला असता. मला कुठलाही चालला असता.

त्याला सांग, तुझी बहीण गेली. त्यालाही कळू दे कसं वाटतं.

आणि तू राजधानीवर सही कर. तो भाग माणसं गिळतो.

आई


१४ मे

चिंगे,

ही अक्षरं हाताला परकी झाली आहेत. ळ काढताना आता हात अडतो. चुका काढशील, काढ, तू मास्तरीण झालीस असं ऐकलं.

तुझं पत्र ठकूनं वाचून दाखवलं. काही गाळू नकोस म्हटलं होतं, तिनं नाही गाळलं. तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. मला वाटत होतं, मी तुमच्यावर रागावलोय, म्हणून मी अभिमानानं राहिलो. इथे लोकांची नाडी बघितली, बाळंतपणं केली, सगळ्यांच्या घरी काय चाललंय ते मला माहीत असायचं. आपल्या घरी काय चाललंय ते माहीत नव्हतं. आप्पा माझ्यासाठी भिंतीकडे तोंड करून बसले होते, हे मला कधी सुचलंच नाही. मला ते दाराशी काठी घेऊन उभे दिसायचे.

ठकूला मी सांगितलंय, भाग निवडताना पगार बघू नकोस, हवा बघू नकोस, घर कसं देतात ते बघू नकोस. तिथून आपल्या घरी जाता येतं का आणि घरचं माणूस तिथे येऊ शकतं का, एवढंच बघ. मी ते बघितलं नाही. आणि इथे सही करू नकोस असंही सांगितलं. ती माझं ऐकेलसं दिसत नाही. कपाळ तुझं आहे.

मला परत दवाखान्याजवळच्या खोलीत आणलंय. काठीनं चालतो. प्रवास करू देत नाहीत, नाहीतर दार बडवायला आलो असतो.

दादा


२ जून

बाबा,

हे पत्र खास तुम्हाला, आणि मी रागावून लिहितेय.

मंगळवारी सकाळी मी दवाखान्यात एका गिरणी कामगाराच्या अंगठ्याचे टाके काढत होते. मामा नेहमीसारखा व्हरांड्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसून माझे पेशंट मला न विचारता तपासत होता. फोन वाजला. आपल्या घरातून कधी मेसेज येत नाही म्हणून मी लगेच बघितला. तुमचा होता. दोन शब्द. "आई गेली."

बाबा, माझ्या हातातली कात्री खाली पडली. मी तिथेच जमिनीवर बसले. मला वाटलं, मामाच्या पत्रानं तिचं काळीज बंद पडलं. मी तिला पत्रातून भाऊ दिला आणि पत्रातूनच मारलं. मुख्याध्यापिका पाणी घेऊन धावल्या. कामगार बिचारा अर्ध्या टाक्यांचा अंगठा वर धरून मला वारा घालायला लागला. मामा काठी टेकत आला, माझ्या हातातून फोन घेतला, वाचला. तो भिंतीला टेकला. मला वाटलं, आता हाही जातो.

मग तो म्हणाला, "थांब. कुठे गेली ते आधी विचार."

मला बोटं चालवता येईनात. त्यानंच चष्मा वर करून एकेक अक्षर दाबलं. आणि तुमचं उत्तर आलं, की विमानतळावर, आत्ताच सोडून आलो, तुला सांगितलं नाही का तिनं, आणि तिचा स्वेटर इथेच राहिला.

बाबा, मामा हसायला लागला. हसता हसता त्याच खुर्चीत बसला आणि तोंडावर हात घेऊन हुंदके देऊन रडला. सगळे पेशंट बघत होते. कामगार मला म्हणाला, तुमच्याकडे बरी बातमी आली की असं करतात का?

ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं आली. ड्रायव्हर तीच, पत्रा लागलेली. तिनं बस थांब्यावर न थांबवता सरळ दवाखान्यासमोर आणून उभी केली. आई उतरली, पर्स छातीशी धरून. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. व्हरांड्याच्या पायऱ्या चढली आणि मामासमोर उभी राहिली. तो उठायला गेला, तिनं खांदा दाबून त्याला खाली बसवलं. त्याची बाही वर केली. आणि दंडाला असा करकचून चिमटा काढला की तो कळवळून ओरडला.

"दुखलं?" तिनं विचारलं.

"दुखलं," तो म्हणाला.

"मग आहेस," आई म्हणाली, आणि तिथेच त्याच्या पायाशी, दवाखान्याच्या फरशीवर बसली. पुढचं मी लिहीत नाही. मला नीट दिसत नव्हतं.

सहीचं विचाराल, तर परवा केली. तळ्यांच्याच भागावर. मामानं सांगितलं होतं ना, घरचं माणूस तिथे येऊ शकतं का तेवढं बघ. ते मी या व्हरांड्यात उभी राहून बघितलं. आई सहीच्या वेळी शेजारीच होती. म्हणाली, अक्षर जरा वाचण्यासारखं काढ, या घराण्यात एक डॉक्टर सहीवरून ओळखता आला नाही तेवढं पुरे.

ती इथे बरीच रमलीय. वजनकाट्यावर रोज उभी राहते. मुख्याध्यापिकांशी तिचं जमतं आणि बिनसतं, दोन्ही एकाच तासात. मामाला ती रोज व्हरांडाभर चालवते, त्याची लिपी तपासते आणि ळ पुन्हा पुन्हा काढायला लावते. तिला कधी पाठवू ते सांगा. आणि स्वेटर पोस्टानं धाडा, इथे गार आहे.

फक्त एक ऐका. ती परत निघेल तेव्हा मी तुम्हाला 'निघाली' असं लिहीन, आणि पोचली की तुम्ही मला 'पोचली' असं लिहा. 'गेली' हा शब्द आपल्या घरात यापुढे कुणीही वापरायचा नाही. हे मामाचं म्हणणं आहे, आणि आईनं त्याला लगेच होकार दिला.

तुमची,
ठकू